अंगणात पोहोचलेली शाळा

अंगणवाडी हा शब्द शासनाच्या परिपत्रकांत, अर्थसंकल्पातील तरतुदींत आणि मोर्चांच्या बातम्यांत इतक्या सहजपणे येतो, की तो कोणा एका व्यक्तीच्या कामातून रुजला असेल हे चटकन ध्यानात येत नाही. देशात आज सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. काश्मीरपासून केरळपर्यंत निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या माणसांनी हा शब्द आपापल्या उच्चारात स्वीकारला आहे. या कल्पनेला आकार मिळाला तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड या गावांत. तिच्यामागे होत्या ताराबाई मोडक. बालशिक्षणाच्या क्षेत्रात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु आपल्या मुलाला वयाच्या तिसऱ्या वर्षी शाळेत पोहोचवणाऱ्या शहरी पालकांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल, याविषयी शंकाच आहे.

ताराबाईंच्या आयुष्याचे तीन मोठे टप्पे म्हणजे तीन शाळा. भावनगरचे बालमंदिर, दादरचे शिशुविहार आणि बोर्डी-कोसबाडची बालवाडी. पहिल्या शाळेत त्या शिकल्या, दुसऱ्या शाळेत त्यांनी शिकलेले मराठी मुलखात रुजवले आणि तिसऱ्या शाळेत त्यांना आपल्या शिकलेल्यातले पुष्कळसे बाजूला ठेवावे लागले. जी शाळा नीट चालू लागली, तिच्या दाराबाहेर कोण उभे आहे हे पाहण्याची त्यांना सवय होती. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, नाव आणि मान दोन्ही मिळालेले असताना, त्या मुंबई सोडून खेड्यात गेल्या त्या या सवयीमुळेच.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्या माहेरच्या केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई ही दोघेही प्रार्थना समाजाच्या विचारांनी भारलेली होती. उमाबाई विधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी विवाह केला होता. पुनर्विवाह केलेल्या दांपत्याला आणि त्यांच्या मुलांना त्या काळात समाजाकडून काय सोसावे लागे, हे वेगळे सांगायला नको. मात्र १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या परिवारात एक मोकळीकही होती. मुलींनी शिकावे, सभेत बसावे, आपले मत मांडावे, जातीपातीचे बंधन मानू नये, हे तेथे शिकवावे लागत नसे. ताराबाई या वातावरणात वाढल्या. रूढीला शरण न जाण्याची वृत्ती त्यांना घरातूनच मिळाली.

१९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. स्त्री-पदवीधर बोटांवर मोजाव्यात असा तो काळ. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले. पदरी लहान मुलगी, आणि पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रीला समाजात काडीचे स्थान नाही, अशा परिस्थितीत त्यांनी माहेराचा आसरा शोधला नाही. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेत, प्राचार्यपदाची नोकरी त्यांनी पत्करली. हुद्दा मोठा होता, प्रतिष्ठा होती. तेथे त्या राहिल्या असत्या तर एक कर्तबगार प्राचार्य एवढीच त्यांची नोंद झाली असती.

त्याच सुमारास सौराष्ट्रातच, भावनगरला, एक निराळी शाळा सुरू झाली होती. तिचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जायला हवे. डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की दिवसभर जिन्यांवर आणि अंगणांत हुंदडणाऱ्या मुलांसाठी ते होते. लहान मूल स्वतःहून शिकू इच्छिते, मोठ्यांनी त्याच्या हाताला योग्य वस्तू आणि मनाला मोकळीक द्यावी, हा माँटेसरींचा सिद्धान्त तेथे सिद्ध झाला. खाचांत बरोबर बसणारे लाकडी गट्टू, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जाणाऱ्या दहा ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा, बोट फिरवून ओळखायची खरखरीत कागदाची अक्षरे अशी साधने त्यांनी तयार केली. गट्टू चुकीच्या खाचेत बसत नाही, त्यामुळे चूक मुलाची त्यालाच कळते. बाईंनी रागावण्याचा प्रश्नच उरत नाही. ही पद्धत काही वर्षांत जगभर गेली. मात्र जी पद्धत गरिबांच्या मुलांसाठी जन्मली, ती महागड्या साधनांमुळे आणि खास प्रशिक्षणामुळे जाईल तेथे श्रीमंतांच्या शाळांत स्थिरावली. पुढे ताराबाईंना ज्या प्रश्नाने अस्वस्थ केले, त्याचे मूळ येथे आहे.

भावनगरला ही पद्धत आणली ती गिजुभाई बधेका यांनी. १८८५ मध्ये जन्मलेले गिजुभाई मूळचे वकील. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला, त्याला कसे वाढवावे या विचाराने त्यांनी बालशिक्षणावरची पुस्तके वाचायला घेतली आणि त्या वाचनाने त्यांचा व्यवसायच बदलला. १९१६ मध्ये ते नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. शाळा म्हटली की छडी, घोकंपट्टी आणि भीती असे समीकरण असण्याच्या त्या दिवसांत या शाळेत मुले हसत येत आणि घरी जायला कुरकुरत. झुपकेदार मिशांच्या या शिक्षकाला गुजरातने प्रेमाने मिशाळ आई म्हणायला सुरुवात केली.

ताराबाईंनी हे बालमंदिर पाहिले आणि १९२३ मध्ये राजकोटचे प्राचार्यपद सोडून त्या गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्रमुखपदावरून अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या शाळेत जाणे, हे तेव्हाच्या हिशेबाने खालच्या पायरीवर उतरणे होते. बालशिक्षण हा विद्वानांनी लक्ष घालावा असा विषय आहे, हे मुळात कोणाच्या गावीच नव्हते. पदवीधर बाईने मुलांची नाके पुसण्यात वेळ घालवावा, याचे अनेकांना नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही.

भावनगरच्या वर्षांत ताराबाईंची जडणघडण झाली. गुजराती भाषा त्यांनी इतकी आपलीशी केली की त्या भाषेत त्या लिहू आणि संपादन करू लागल्या. माँटेसरी पद्धत जशीच्या तशी उचलायची नाही, ही दृष्टी गिजुभाईंकडून त्यांना मिळाली. माँटेसरींना लहान मुलांना परीकथा, अद्भुतकथा सांगणे पसंत नव्हते. मुलाने आधी वास्तव जग ओळखावे, असे त्यांचे मत होते. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला शाळेच्या मध्यभागी बसवले. चिमणी-कावळ्याच्या कथा, बडबडगीते, नाटुकली, मातीकाम, लोकगीते यांचा त्या साधनांशी त्यांनी मेळ घातला. ज्या देशात मूल आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकत मोठे होते, तेथे गोष्ट वर्ज्य करणारी शाळा परकीच राहिली असती. परकी पद्धत आपल्या मातीत लावताना काय ठेवायचे आणि काय बदलायचे, याचा विवेक ताराबाई येथे शिकल्या.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिका हे गुजराती मासिक त्यांच्या विचारांचे मुखपत्र होते. १९३३ पासून या पत्रिकेची मराठी आवृत्ती निघू लागली आणि ताराबाईंनी तिचे संपादन दीर्घकाळ केले. मुलाला मारू नये, त्याला भीती घालू नये, त्याने स्वतः बटण लावेपर्यंत आईने थांबावे, त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे, अशा आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी तेव्हाच्या मराठी घरांत नव्या होत्या. छडी लागे छमछम ही परिस्थिती केवळ शाळेत नव्हती, घरातही होती. पत्रिकेने या घरांशी संवाद साधला. शाळा सुधारायची तर आधी आईबापांना समजावले पाहिजे, हे सूत्र ताराबाईंनी अखेरपर्यंत सोडले नाही.

१९३६ मध्ये त्यांनी मुंबईत, दादरच्या हिंदू कॉलनीत, शिशुविहार ही संस्था सुरू केली. जागेची निवड सूचक होती. सुधारणा मंडळाच्या आखणीतून उभ्या राहिलेल्या दादर-माटुंगा भागात तेव्हा नोकरदार मध्यमवर्ग नव्याने वसत होता. गावाकडचा वाडा, माजघर, अंगण आणि भावंडांचा गोतावळा सोडून ही कुटुंबे दोन-तीन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला आली होती. मुलाला धावायला जागा नव्हती, आणि दिवसभर त्याच्याकडे पाहणारी आजी-काकूही बहुतेक घरांत नव्हती. मुले वाढवण्याची जी व्यवस्था घराकडे आपोआप होती, ती शहराने मोडली होती. शिशुविहारने ती उणीव नव्या रीतीने भरून काढली.

या छोट्या शाळेत मुलांच्या उंचीची बाके आणि कपाटे होती, गाणी होती, साधने होती आणि रागावणे नव्हते. अक्षरओळखीची घाई नव्हती. हात, डोळे, कान यांना वळण लागले की अक्षरे मागोमाग येतात, हा विश्वास होता. पालकांना ते पटवणे मात्र सोपे नव्हते. शाळेत जाऊन मूल पाटीवर काही लिहीत नाही, नुसते खेळते, तर फी कशाची द्यायची, हा प्रश्न तेव्हाही होताच. याच संस्थेत बालशिक्षकांसाठी अध्यापन वर्ग सुरू झाले आणि मराठी बालशिक्षिकांची पहिली मोठी पिढी तेथून बाहेर पडली. त्या शिक्षिकांनी ठिकठिकाणी बालमंदिरे काढली. महाराष्ट्रातील शहरांत पूर्वप्राथमिक शिक्षणाची जी चळवळ पसरली, तिचे एक उगमस्थान दादरची ही शाळा होय.

शिशुविहारला लौकिक मिळाला. गिजुभाईंचे १९३९ मध्ये निधन झाले आणि संघाच्या कामाचा भार ताराबाईंवर आला. त्याच वर्षी माँटेसरी स्वतः भारतात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. मद्रासजवळच्या अड्यारला त्यांनी सुरू केलेल्या प्रशिक्षण वर्गांमुळे देशभर माँटेसरी शाळांची लाट आली. ताराबाईंच्या दृष्टीने हा विजयाचा काळ म्हणायला हवा होता. परंतु या लाटेवर कोणाची मुले बसली आहेत, हे त्यांना दिसत होते. बालशिक्षण फी परवडणाऱ्यांच्या दारात उभे होते. १९३१ मध्ये लंडनमध्ये महात्मा गांधी आणि माँटेसरी यांची भेट झाली होती, आणि खेड्यातल्या गरिबातल्या गरीब मुलाला हे शिक्षण मिळावे ही इच्छा गांधीजींनी तेव्हाच व्यक्त केली होती. १९३७ च्या वर्धा योजनेतून नई तालीमचा विचार पुढे आला आणि काही वर्षांनी शाळेच्या वयाआधीच्या मुलांचाही त्यात समावेश झाला. लाकडी गट्टूंची पेटी ज्या खेड्यात कधीच पोहोचणार नाही, तेथे बालशिक्षण कसे होईल, या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणाकडेच तयार नव्हते.

ते उत्तर शोधण्यासाठी ताराबाई १९४५ च्या अखेरीस बोर्डीला गेल्या. मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरचे डहाणू तालुक्यातील हे समुद्रकाठचे गाव. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडे, मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतलेली माणसे आणि आचार्य भिसे यांच्यासारख्यांनी नावारूपाला आणलेली शाळा, यांमुळे बोर्डीला राष्ट्रीय वृत्तीचे गाव म्हणून नाव होते. तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

या कामात त्यांना जी सोबत मिळाली, तिच्याशिवाय पुढचा इतिहास घडलाच नसता. १९१० मध्ये जन्मलेल्या अनुताई वाघ यांचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. त्यांनी शिक्षण घेतले आणि पुण्याच्या हुजूरपागेत त्या शिकवू लागल्या. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवली येथील शिबिरात १९४५ मध्ये त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि त्यांनी बोर्डीला येण्याचे ठरवले. एकीकडे विवाहबंधनातून बाहेर पडलेली, मुंबईत नाव झालेली विचारवंत स्त्री. दुसरीकडे बालविधवा असलेली, कष्टाला न थकणारी शिक्षिका. वयात अठरा वर्षांचे अंतर. परंतु ताराबाईंची कल्पकता आणि अनुताईंची चिकाटी यांचा जो मेळ बसला, तो ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत टिकला आणि त्यानंतरही अनुताईंच्या कामातून पुढे चालू राहिला.

बोर्डीत पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. शहरातली मुले आंघोळ करून, न्याहारी करून, आईचे बोट धरून शाळेत येत. येथे शाळेची सुरुवातच मुलांना न्हाऊ घालण्यापासून, नखे कापण्यापासून आणि केस विंचरण्यापासून झाली. खरूज, नायटे, डोळे येणे ही रोजची बाब होती. पोटात अन्न नसलेले मूल खेळत नाही, नुसते बसून राहते, हे लक्षात आल्यावर आहार हाही शिक्षणाचाच भाग ठरला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील मुलांना बालवाडीत आणण्यावरून गावकऱ्यांची नाराजी पत्करावी लागली. सवर्ण घरांतील मुलांना त्यांच्या शेजारी बसवणे ही एक लढाईच होती. प्रार्थना समाजाच्या घरात वाढलेल्या ताराबाईंना या बाबतीत तडजोड करण्याचे कारण नव्हते.

साधनांचा प्रश्न तसाच निकरावर आला. दादरची साधने येथे आणणे परवडणारे नव्हते, आणि आणली असती तरी ती मुलांना परकी वाटली असती. ताराबाई व अनुताईंनी समुद्रावरचे शंख-शिंपले, चिंचोके, दगडगोटे, झाडांची पाने, काटक्या, माती यांतून साधने तयार केली. लहान-मोठा क्रम लावायला शिंपले, मोजायला बिया, रंग ओळखायला पाने-फुले. माँटेसरींचे तत्त्व तेच राहिले. सामान मात्र फुकटात मिळणारे झाले. ही काटकसर तर होतीच, शिवाय मुलाच्या ओळखीच्या जगातून शिकवण्याचा भावनगरचा धडा येथे अधिक पुढे नेला गेला.

तरीही मुले येत नव्हती, आणि येण्याचे कारणही नव्हते. आईबाप पहाटेच मजुरीला जात. पाच-सहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखत असे. तिने शाळेत यायचे म्हणजे त्या भावंडाचे काय करायचे? सक्तीने हा प्रश्न सुटणारा नव्हता. मुले शाळेकडे येत नसतील तर शाळेनेच त्यांच्याकडे जायचे, हा निर्णय येथे झाला. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडायचे, मुलांना गोळा करायचे, त्यांचे हातपाय धुवायचे, गाणी म्हणायची, गोष्ट सांगायची, सारवलेल्या जमिनीवर चित्रे काढायची. कडेवरच्या भावंडालाही तेथे जागा होती. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. तिला इमारत लागत नव्हती, घंटा लागत नव्हती आणि गणवेशही लागत नव्हता. शिवाय अंगणात काय चालले आहे हे म्हातारीकोतारी माणसे आपल्या डोळ्यांनी पाहत होती, त्यामुळे शाळेविषयीचा अविश्वास हळूहळू कमी झाला.

१९५७ मध्ये हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. बोर्डी हे शेवटी बागायतदारांचे गाव होते. कोसबाडच्या भोवती वारली आणि इतर आदिवासींचे पाडे होते. या मुलखाची ओळख शहरांना एका वेगळ्या कारणाने झाली होती. जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली वारली पेटून उठले होते. पिढ्यान्‌पिढ्या कर्जापायी राबणाऱ्या या लोकांना शाळा म्हणजे सरकारची किंवा सावकाराची आणखी एक कटकट वाटत असल्यास नवल नव्हते. शिवाय पुस्तकातली मराठी आणि घरात बोलली जाणारी वारली यांत अंतर होते. मूल पहिल्याच दिवशी परक्या भाषेत येऊन पडत असे.

कोसबाडला ताराबाईंनी पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या पुढचे पाऊल टाकले. सहा-सात वर्षांचे आदिवासी मूल गुरे राखायला जाई. त्याच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असतील तेथेच शिक्षक जायचा आणि त्यांच्यावर नजर ठेवता ठेवता मुले शिकायची. झाडे, पक्षी, ऋतू, गुरांची मोजदाद हाच अभ्यासक्रम. शाळेची वेळ आणि सुट्ट्या ठरवताना भाताची लावणी, गवतकापणी अशा कामांचा विचार करावा लागे, कारण त्या दिवसांत घरातले प्रत्येक हात शेतावर असत.

या सगळ्या प्रयोगांना एकत्र बांधणारी कल्पना म्हणजे विकासवाडी. एकाच आवारात तान्ह्या मुलांचे पाळणाघर, मधल्या मुलांची बालवाडी आणि मोठ्यांची प्राथमिक शाळा. मोठ्या मुलीने धाकट्या भावाला पाळणाघरात ठेवायचे आणि आपण वर्गात बसायचे. मधल्या सुट्टीत त्याला पाहून यायचे. शाळा सोडून घर राखणाऱ्या मुली या सोप्या सोयीमुळे वर्गात टिकू लागल्या. या रचनेत आणखी एक शैक्षणिक विचार होता. बालवाडीत खेळत शिकलेले मूल पहिलीत गेले की एकदम बाकावर गप्प बसवले जाते, आणि येथेच त्याचा शाळेतला रस संपतो. प्राथमिक शाळांतील गळतीचे हे एक मोठे कारण आहे, हे ताराबाईंनी ओळखले होते. बालवाडी आणि पहिली-दुसरी यांच्यामधली भिंत काढून टाकावी, मुलाला कळू न देता त्याला एका पायरीवरून दुसरीवर न्यावे, असा त्यांचा प्रयत्न होता.

हे प्रयोग निर्वेध पार पडले असे समजण्याचे कारण नाही. कुरणशाळेसारख्या शाळेला जे शिक्षक लागतात, ते वेतनश्रेणी आणि बदल्यांच्या सरकारी व्यवस्थेत सहजासहजी मिळत नाहीत. पावसाळ्यात पाड्यांवर पोहोचणे कठीण. अनुदान कधी येई, कधी अडे. आणि मुळात ज्या मुलाच्या आईबापांचे पोट मजुरीवर आहे, त्याच्या शिक्षणाला शाळा एकटी पुरी पडत नाही. ताराबाईंना याची जाणीव होती. प्रयोगातून नमुना तयार करावा, तो मोठ्या प्रमाणावर राबवणे हे शासनाचे काम आहे, अशी त्यांची भूमिका होती.

१९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. बालशिक्षणाला मिळालेली ही मोठी सार्वजनिक मान्यता होती. उतारवयातही लेखन, मार्गदर्शन आणि कार्यकर्त्यांची जडणघडण चालू होती. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या गावपातळीवरच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण यांची एकत्र सांगड घालणारी ही योजना देशभर पसरली. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले. त्यांना पद्मश्री मिळाली. १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही संस्था सुरू केली आणि डहाणूच्याच परिसरात बालशिक्षणाच्या प्रयोगांची नवी शाखा फुटली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताईंचेही निधन झाले.

अंगणवाडी देशभर गेली, पण जाताना तिच्यातील शिक्षणाचा भाग मागे पडत गेला, ही खंत या क्षेत्रातील अनेकांनी वेळोवेळी मांडली आहे. एकाच सेविकेने खिचडी पाहायची, वजने घ्यायची, नोंदवह्या भरायच्या आणि उरलेल्या वेळात मुलांशी खेळायचे, अशी विभागणी झाली की खेळ शेवटी राहतो. शहरांत याच्या नेमके उलट घडले. खासगी बालवर्गांचे पेव फुटले. नाव माँटेसरीचे, पण तीन वर्षांच्या मुलाला लिहायला लावायचे, त्याला गृहपाठ द्यायचा आणि पहिलीच्या प्रवेशासाठी तयार करायचे, असा त्यांचा रिवाज झाला. ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरच्या पालकांना ज्या घाईपासून सावध केले होते, ती घाई कमी झालेली नाही.

कायद्याच्या पातळीवरही हे वय दीर्घकाळ उपेक्षितच राहिले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला आणि २००९ मध्ये त्याचा कायदा झाला. सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण मात्र राज्याने प्रयत्न करावा अशा मार्गदर्शक तत्त्वाच्या स्वरूपातच राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आहे. अंगणवाडी किंवा बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांना एकत्र पाहण्याचा हा विचार विकासवाडीच्या आवारात साठ-सत्तर वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आणला गेला होता, हे ध्यानात घेतले की ताराबाईंच्या द्रष्टेपणाची कल्पना येते.

शहरातील पालक चांगली बालशाळा शोधतात त्यात गैर काहीच नाही. ताराबाईंनीही दादरच्या मुलांसाठी तितक्याच आस्थेने शाळा काढली होती. परंतु चांगली बालशाळा ही पैशाने मिळवण्याची सोय आहे, हे त्यांनी कधी मान्य केले नाही. वाळूतून वेचलेल्या शिंपल्यांवर मोजायला शिकलेले मूल आणि गुलाबी मनोरा रचणारे मूल यांची भूक एकच आहे, हे त्यांनी आपल्या आयुष्याची अखेरची अठ्ठावीस वर्षे खर्चून दाखवून दिले. हे दोन्ही मुलांना एकाच तोलाचे शिक्षण मिळेल, तेव्हाच त्यांचे काम पुरे झाले असे म्हणता येईल.